अपवर्तन : वेग बदलतो, म्हणून दिशा बदलते

प्रकाश एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्या पारदर्शक माध्यमात तिरपा शिरतो, तेव्हा दोहोंच्या सीमेवर त्याची वाट बदलते. या घटनेला प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. व्याख्या एवढीच असली तरी तिच्यातला एकही शब्द वगळता येण्याजोगा नाही. माध्यम म्हणजे ज्यातून प्रकाश जाऊ शकतो ते, मग ते हवा असो, पाणी असो, काच असो किंवा कोणताही पदार्थ नसलेली निर्वात पोकळी असो. सीमेवर येऊन पोचणारा किरण तो आपाती किरण, सीमा ओलांडून पुढे निघालेला तो अपवर्तित किरण, आणि ज्या बिंदूत किरण सीमेला भेटतो तेथे सीमेवर उभारलेली लंबरेषा म्हणजे स्तंभिका होय. कोन मोजायचे ते या स्तंभिकेपासून, पृष्ठभागापासून नव्हे. अलीकडचा तो आपतन कोन आणि पलीकडचा तो अपवर्तन कोन. ‘तिरपा’ हा शब्द तर व्याख्येचा कणाच आहे, कारण स्तंभिकेवरून सरळ आत शिरणारा किरण मुळीच वळत नाही, जरी ज्या कारणाने इतर किरण वळतात ते कारण त्यालाही तितकेच लागू असते. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत याच घटनेला वक्रीभवन म्हटलेले आढळते आणि मराठी विश्वकोशात प्रणमन ही संज्ञा आहे. आज शालेय पुस्तकांत अपवर्तन रुळले आहे, आणि जुना ग्रंथ वाचताना तिन्हींचा अर्थ एकच आहे एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

कारण आहे ते वेगाचे. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर आधारलेली आहे. पाण्यात हा वेग सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, साध्या काचेत दोन लाखांच्या आसपास आणि हिऱ्यात जेमतेम सव्वा लाखापर्यंत उतरतो. पोकळीतील वेगाला माध्यमातील वेगाने भागले असता जी संख्या मिळते तिला त्या माध्यमाचा निरपेक्ष अपवर्तनांक म्हणतात. तो पाण्यासाठी १.३३, काचेसाठी सुमारे १.५, हिऱ्यासाठी २.४२ आणि हवेसाठी १.०००३ इतका आहे. ज्याचा अपवर्तनांक अधिक ते माध्यम प्रकाशाच्या दृष्टीने घन आणि ज्याचा कमी ते विरल, आणि विरलातून घनात जाणारा किरण स्तंभिकेकडे झुकतो, घनातून विरलात येणारा स्तंभिकेपासून दूर जातो, हा नियम दहावीच्या विद्यार्थ्यालाही तोंडपाठ असतो. मात्र ‘घन’ या शब्दाने येथे बऱ्याच जणांची फसगत होते. रॉकेल पाण्यापेक्षा हलके आहे आणि पाण्यावर तरंगते, तरी त्याचा अपवर्तनांक १.४४ म्हणजे पाण्याहून जास्त आहे. गोड्या तेलाचेही तसेच. वजनाने हलका असलेला द्रव प्रकाशाच्या दृष्टीने घन असू शकतो, आणि म्हणून या घनतेचा वजनातील घनतेशी संबंध जोडू नये.

वेग कमी झाल्याने दिशा का बदलावी, हे प्रकाशात डोळ्यांनी पाहता येत नाही, पण कोकणच्या किनाऱ्यावर ते उघड दिसते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. दहा मीटर खोलीच्या पाण्यात ती सेकंदाला सुमारे दहा मीटर जाते, तर अडीच मीटर खोलीवर पाचच मीटर. खोल समुद्रातून तिरपी येणारी लाट किनाऱ्याजवळ पोचते तेव्हा तिचे एक टोक आधी उथळ पाण्यात शिरते व मंदावते, दुसरे टोक अजून खोल पाण्यात असल्याने पहिल्याच वेगाने पुढे येत राहते, आणि त्यामुळे संपूर्ण लाट हळूहळू किनाऱ्याकडे वळते. वारा नैऋत्येचा असो वा वायव्येचा, पुळणीवर फुटणारी लाट जवळजवळ किनाऱ्याला समांतरच येऊन पडते ती यामुळे. समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर याच वळण्याने लाटांचा जोर एकवटतो आणि दोन भूशिरांमधल्या खाजणात किंवा उपसागरात तो पसरून सौम्य होतो. वाळू साठते ती अशा सौम्य जागी. ही उपमा नव्हे. लाटांचे हे वळणेही अपवर्तनच आहे, आणि भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटात वळतात तेही अपवर्तनच. जेथे तरंग आहे आणि जागोजागी त्याचा वेग बदलतो तेथे अपवर्तन अटळ आहे.

हे कारण सापडायला मात्र माणसाला दीड हजारांहून अधिक वर्षे लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणाचे कोन मोजून त्यांचे कोष्टक दिले. आपतन कोन १० अंश असता अपवर्तन कोन ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस, ४० ला २९, असे करीत ८० अंशांना ५०. या आकड्यांतील लागोपाठची वाढ पाहिली तर ती ८, साडेसात, सात, साडेसहा अशी नेमकी अर्ध्याअर्ध्या अंशाने घटत जाते, आणि प्रत्यक्ष मोजमापांत इतकी शिस्त कधीच येत नाही. टॉलेमीने काही कोन खरोखर मोजले आणि मग आपल्या मनातील क्रमात सगळे आकडे बसवले, असाच निष्कर्ष काढावा लागतो. मधल्या कोनांना त्याचे आकडे खऱ्याच्या अगदी जवळ येतात. ६० अंशांना त्याने दिलेला साडेचाळीस हा आकडा आजच्या गणितानेही तेवढाच येतो. ८० अंशांना मात्र खरा कोन सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांचा आहे, पन्नासचा नव्हे. निसर्गाचा नियम अर्ध्या अंशांच्या पायऱ्यांचा नव्हता, तो कोनांच्या ज्येचा होता.

ज्या म्हणजे आजच्या गणितातील साइन. भारतीय ज्योतिषगणितात रुळलेले हे फल अरबी गणितात गेले आणि तेथून युरोपात. आपतन कोनाच्या ज्येला अपवर्तन कोनाच्या ज्येने भागले तर दिलेल्या दोन माध्यमांसाठी भागाकार नेहमी एकच येतो, हा अपवर्तनाचा नियम. त्याला आज लायडनच्या विलेब्रॉर्ट स्नेलचे नाव आहे. त्याने तो १६२१ मध्ये शोधला, पण छापला नाही. रने देकार्तने १६३७ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला, म्हणून फ्रान्समध्ये तो देकार्तच्या नावाने ओळखला जातो. दोघांच्याही आधी इंग्लंडच्या टॉमस हॅरियटच्या टिपणांत तो सापडतो, आणि त्याहून सहा शतके आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न सहलने प्रकाश एकवटून पदार्थ पेटवणाऱ्या भिंगांवरील आपल्या ग्रंथात ज्येचे नाव न घेता त्रिकोणाच्या बाजूंच्या गुणोत्तराच्या रूपात हाच नियम वापरला होता. नियमाला कोणाचे नाव द्यावे हा वाद न्यायाने पाहता इब्न सहलच्या बाजूने सुटतो, पण पाठ्यपुस्तके सवयीने चालतात.

नियम सापडला तरी कारणाचा प्रश्न उरलाच, आणि त्यावर दोन तट पडले. देकार्त आणि पुढे न्यूटन यांचे मत असे की घन माध्यमात प्रकाशाचा वेग वाढतो. न्यूटनच्या मते प्रकाश कणांचा बनलेला असून काच किंवा पाणी त्या कणांना आपल्याकडे ओढते, त्यामुळे ते स्तंभिकेकडे वळतात आणि अधिक वेगवान होतात. ख्रिस्तियान हायगेन्सने १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलट मांडणी केली : प्रकाश हा तरंग आहे, घन माध्यमात तो मंदावतो आणि मंदावल्यामुळेच वळतो. त्याही आधी, १६६२ मध्ये, पिएर द फर्माने आणखी वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष गाठला होता. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाताना प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो असे त्याने गृहीत धरले. घन माध्यमात वेग कमी असेल तर तेथील अंतर थोडे आखडते घेऊन हवेतील अंतर थोडे वाढवणे फायद्याचे ठरते, आणि या हिशेबातून ज्येचा नियम आपोआप बाहेर पडतो. दोन्ही तटांची गणिते त्याच नियमापर्यंत पोचत असल्यामुळे कोन मोजून निवाडा होणे अशक्य होते. निवाडा करायचा तर पाण्यातला वेगच मोजायला हवा होता. ते १८५० मध्ये पॅरिसमध्ये लिऑं फूकोने फिरत्या आरशाच्या साहाय्याने साधले. पाण्यात प्रकाश हवेपेक्षा मंद चालतो असे दिसून आले, आणि दीडशे वर्षे न्यूटनच्या दबदब्यावर तग धरून राहिलेले मत त्या प्रयोगाने मोडीत निघाले.

किरण वळतो, पण डोळ्याला ते कळत नाही. डोळा किरणाची शेवटची दिशा तेवढी जाणतो आणि वस्तू त्याच सरळ रेषेत असल्याचे धरून चालतो. अपवर्तनाने होणारे बहुतेक भास या एकाच गृहीतकातून जन्मतात. वरून पाहिले असता विहिरीचा तळ खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल दिसतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक चार भागिले तीन आहे. चार मीटर पाणी तीन मीटरच वाटते, आणि तिरप्या नजरेने पाहिले तर त्याहूनही कमी. उन्हाळ्याच्या सुटीत अनोळखी विहिरीत किंवा डोहात उतरणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक असणे बरे.

वातावरण म्हणजेही एक माध्यमच, फक्त त्याची सीमा एका रेषेवर नाही. वरून खाली येताना हवा थराथराने दाट होते आणि किरण सतत थोडाथोडा वळत येतो. क्षितिजावर हे वळणे सुमारे ३४ कलांचे, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त असते, तर सूर्यबिंबाचा व्यास ३२ कलांचा. याचा सरळ अर्थ असा की अरबी समुद्रावर मावळतीच्या सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते त्या क्षणी सूर्य खरे तर संपूर्ण बुडालेला असतो. मुंबईच्या अक्षांशावर यामुळे सूर्य दोन-अडीच मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो, म्हणजे दिवस सुमारे पाच मिनिटांनी लांबतो. विषुवदिनीही दिवस रात्रीपेक्षा मोठा भरतो त्याचे हे एक मोठे कारण. मावळता सूर्य चपटा दिसतो तोही याचाच परिणाम, कारण बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. याचे टोकाचे उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. १५९६ च्या हिवाळ्यात आर्क्टिकमधील नोवाया झेमल्या बेटावर अडकलेल्या विलेम बॅरेंट्सच्या डच खलाशांना २४ जानेवारी १५९७ रोजी, म्हणजे गणिताने यायच्या सुमारे दोन आठवडे आधी, सूर्य दिसला. युरोपात परतल्यावर त्यांच्यावर कोणी सहजी विश्वास ठेवला नाही. थंड हवेच्या थरांत किरण पृथ्वीच्या वळणाबरोबर दूरवर वाहत येऊ शकतात, ही गोष्ट पुढे समजली.

मृगजळात हीच क्रिया उलटी घडते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी डांबरी रस्त्याला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते, विरळ होते आणि तिचा अपवर्तनांक घटतो. आकाशातून रस्त्याकडे तिरपा येणारा किरण या तापलेल्या थरांतून जाताना हळूहळू वर वळतो व पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. डोळा तो रस्त्यावरून आला असे समजतो, आणि रस्त्यावर पडलेला आकाशाचा तुकडा पाण्यासारखा चमकतो. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर ईजिप्तमध्ये गेलेल्या गास्पार माँझने याचे स्पष्टीकरण दिले. हवेचा अपवर्तनांक एका अंश तापमानाने दशलक्षांशाइतकाच बदलतो, म्हणून वीस-पंचवीस अंशांचा फरक असला तरी वळणारा किरण रस्त्याशी अर्ध्या अंशाहून कमी कोन करणाराच असावा लागतो. असा किरण दूरच्या रस्त्यावरूनच डोळ्यांपर्यंत येऊ शकतो, जवळच्या नव्हे. चालणारा पुढे सरकला की मृगजळही तेवढेच पुढे सरकते, ते या कोनामुळे.

अपवर्तनांक सगळ्या रंगांना सारखा नसतो, आणि येथून अपस्करण सुरू होते. जांभळा प्रकाश काचेत व पाण्यात तांबड्यापेक्षा किंचित मंद चालतो, म्हणून अधिक वळतो. पांढरा प्रकाश लोलकातून गेला की त्याचा रंगपट पसरतो तो रंगांच्या या कमी-अधिक वळण्यामुळे, हे न्यूटनने १६७२ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले. पावसाच्या थेंबात किरण शिरताना एकदा वळतो, मागच्या भिंतीवरून परावर्तित होतो व बाहेर पडताना पुन्हा वळतो. सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूपासून तांबडा सुमारे ४२ अंशांवर आणि जांभळा सुमारे ४० अंशांवर एकवटतो. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर कमानीचा माथाच क्षितिजाखाली जातो, आणि म्हणून पावसाळ्यात जेव्हा मुंबई-पुण्यात भरदुपारचा सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सपाट जमिनीवरून आकाशात इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही. ते सकाळी पश्चिमेला किंवा संध्याकाळी पूर्वेला शोधावे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालच्या ढगांवर दिसणारे लहानसे रंगीत वलय, ज्याला इंद्रवज्र म्हणतात, ते मात्र इंद्रधनुष्याचे भावंड नव्हे. ढगातील अतिसूक्ष्म थेंबांकडून मागे वळणाऱ्या प्रकाशतरंगांच्या विवर्तनाशी आणि परस्पर मिसळण्याशी त्याचे नाते आहे, आणि नुसत्या अपवर्तनाने त्याचा उलगडा होत नाही. विवर्तन म्हणजे अडथळ्याच्या कडेपाशी तरंगाचे पसरणे. अपवर्तनाशी त्याची गल्लत नावांच्या सारखेपणामुळे वारंवार होते.

घन माध्यमातून विरलात बाहेर पडू पाहणारा किरण स्तंभिकेपासून दूर जातो हे आधी आलेच आहे. आतील कोन वाढवत नेला तर एक वेळ अशी येते की बाहेरचा किरण पृष्ठभागाला चिकटून निघतो. या कोनाला क्रांतिक कोन म्हणतात, आणि त्यापुढे किरण बाहेर न पडता सगळाच्या सगळा आत परततो, ते पूर्ण आंतरिक परावर्तन. हा कोन पाण्यासाठी ४८.६ अंश, काचेसाठी सुमारे ४२ आणि हिऱ्यासाठी फक्त २४.४ अंश आहे. पैलू पाडलेल्या हिऱ्यात शिरलेला प्रकाश सहजी सुटत नाही आणि हिरा चमचमतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये याच परावर्तनाच्या आधारे काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येते हे लंडनमध्ये दाखवले, आणि चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर जाऊ शकेल असे मांडले. त्याबद्दल काव यांना २००९ चे नोबेल मिळाले.

माणसाचा डोळा हे अपवर्तनाचेच यंत्र आहे, पण त्यात मुख्य काम भिंग करते ही समजूत चुकीची आहे. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४० हून अधिक एकट्या पारपटलाची, म्हणजे समोरच्या पारदर्शक पडद्याची असते, कारण प्रकाश हवेतून डोळ्यात शिरतो तेथेच अपवर्तनांकातील फरक सर्वांत मोठा आहे. डायॉप्टर म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्त. पाण्यात बुडी मारून डोळे उघडले असता सगळे धूसर दिसते, कारण पारपटलाचा अपवर्तनांक पाण्याच्या फार जवळ आहे आणि त्याची बरीचशी शक्ती तेथे लोप पावते. पोहण्याचा चष्मा लावला की डोळ्यासमोर पुन्हा हवा येते आणि दृष्टी परत येते. चष्म्याचा नंबर उणे दोन असणे म्हणजे अर्ध्या मीटरपलीकडचे स्पष्ट न दिसणे, ही निकटदृष्टिता. वयाच्या चाळिशीनंतर भिंग ताठर होऊन जवळचे वाचता येईनासे होते ती वृद्धदृष्टिता, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या चष्म्यालाच मराठी माणसाने चाळिशी असे नेटके नाव दिले आहे. हे सर्व अपवर्तन दोष होत. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढण्याला रिफ्रॅक्शन म्हणतात ते त्याच अर्थाने.

अपवर्तनांक शेतातही मोजला जातो. पाण्यात साखर विरघळली की त्यातील प्रकाशाचा वेग घटतो. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, तर शेकडा वीस साखर असलेल्या द्रावणाचा १.३६४. ऊस पक्व झाला की नाही हे पाहण्यासाठी उसाच्या कांड्यातील रसाचा थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून उजेडाकडे धरतात, आणि क्रांतिक कोनामुळे पडणारी उजेड-अंधाराची सीमा ज्या आकड्यावर दिसते तो ब्रिक्स म्हणून वाचतात. नाशिककडे द्राक्षे खुडण्यापूर्वीही हेच करतात. या यंत्राला साखरेची स्वतंत्र ओळख नसते. रसात विरघळलेला कोणताही पदार्थ अपवर्तनांक वाढवतो आणि तो सगळा ब्रिक्समध्ये मोजला जातो. म्हणून साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्सबरोबर ध्रुवणमापीने रसाचे पोल, म्हणजे त्यातील सुक्रोज साखरेचे प्रमाण, वेगळे काढतात, आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरवतात.